सोबत्याची सोय पाहणारे गाडगेबाबा



घरात कोणी आजारी पडले की आपण त्याची विचारपूस करतो. त्याच्या उशाशी रात्री जागणाऱ्याची विचारपूस सहसा कोणी करत नाही. ही उणीव ज्यांना दिसली, ते आपल्याच अमरावती जिल्ह्यातील संत गाडगेबाबा.

डेबूजी झिंगराजी जानोरकर यांचा जन्म २३ फेब्रुवारी १८७६ रोजी शेंडगाव येथे परीट कुटुंबात झाला. वडील दारूपायी अकाली गेले. आई सखूबाई लहानग्या डेबूला घेऊन दापुरे येथे भावाच्या आसऱ्याला आली. १९०५ साली आई, पत्नी कुंताबाई व मुले यांना मागे ठेवून डेबूजी घराबाहेर पडले. त्या घराचा भार मागे राहिलेल्यांनी वाहिला, हेही आपण विसरू नये.

हातात झाडू, डोक्यावर गाडग्याचे खापर. दिवसा गाव झाडायचे, रात्री कीर्तनातून दारू, कर्ज व शिवाशीव सोडायला सांगायचे. लोकांनी दिलेल्या पैशातून पंढरपूर, नाशिक, आळंदी येथे धर्मशाळा उभ्या राहिल्या.

तीर्थक्षेत्री धर्मशाळा बांधणारे पुष्कळ होते. बाबांनी १९५४ साली मुंबईत जे. जे. रुग्णालयापाशी धर्मशाळा बांधली, ती रुग्णांच्या नातेवाइकांसाठी. रुग्णाला खाट मिळते, औषध मिळते. त्याला खेड्यातून घेऊन आलेल्याने निजावे कोठे, भाकरी खावी कोठे? सेवा करणाराच खचला तर रुग्णाला आधार कोणाचा? २० डिसेंबर १९५६ रोजी अमरावतीजवळ बाबांचे निधन झाले. दादरला त्यांच्या नावाची धर्मशाळा कर्करोगाचे रुग्ण व त्यांचे सोबती यांना आसरा देते.

आपल्या चांदूर रेल्वेहूनही माणसे रुग्णाला घेऊन सेवाग्राम-नागपूरची गाडी धरतात. काही घरांत लकवा झालेल्या म्हाताऱ्यांची सेवा एकटी सून वर्षानुवर्षे करते. तिला कौतुकापेक्षा विसावा हवा असतो. म्हणून आम्ही सुचवतो: आजाऱ्याला भेटायला जाताना सोबत्यासाठीही डबा न्यावा. दवाखान्यात एखादी रात्र आपण बसावे. शेजारणीने दुपारचे दोन तास रुग्णाजवळ थांबावे, म्हणजे त्या सुनेला झोप मिळेल. घरातील मुलगे, जावई यांनीही पाळी वाटून घ्यावी.

आपल्या धर्मग्रामात अशी कोणती घरे आहेत, ती नावे येत्या रविवारपर्यंत आम्हाला कळवावीत. कोणी कोणत्या दिवशी जायचे ते आपण मिळून ठरवू.