विश्लेषण : तुटपुंज्या पैशांत होंडाला टक्कर देणारी १२५ सीसी बाइक कशी बनली?

पूर्व जर्मनीतील त्शोपाउ येथील एमझेड कारखान्याचा रेसिंग विभाग १९५०च्या दशकात वाल्टर काडेन यांच्याकडे आला. पैसा, चांगले धातू, सुटे भाग, सगळ्याचीच टंचाई होती. तरीही १२५ सीसी गटात त्यांनी बड्या कंपन्यांना घाम फोडला.

युक्ती काय होती?
टू-स्ट्रोक इंजिनात धुराबरोबर ताजे इंधनही निसटते. काडेन यांनी एक्झॉस्टचा पाइप मध्ये फुगीर, पुढे निमुळता केला. निमुळत्या भागावरून परतणारी दाबाची लाट निसटलेले इंधन पुन्हा सिलिंडरमध्ये ढकलते. ही कल्पना आधीपासून होती. काडेन यांनी चाचण्या करून ती तडीस नेली. १९६१ मध्ये इंजिनाने सुमारे २५ अश्वशक्ती गाठली. म्हणजे लिटरमागे २००, तेही टर्बोशिवाय!

घात कुठे झाला?
त्याच वर्षी एमझेडचा रायडर अर्न्स्ट डेग्नर जगज्जेतेपदाच्या उंबरठ्यावर होता. स्वीडनच्या शर्यतीत इंजिन बंद पडले आणि त्यानंतर तो पश्चिमेकडे पळून गेला. विजेतेपद होंडाच्या टॉम फिलिसला मिळाले. डेग्नरबरोबर एमझेडचे तंत्र सुझुकीकडे पोहोचले आणि १९६२ मध्ये त्याने सुझुकीवर ५० सीसी गटाचे जगज्जेतेपद जिंकले.

काडेन यांना काय मिळाले?
एमझेडला जगज्जेतेपद कधीच मिळाले नाही. काडेन यांचे १९९६ मध्ये निधन झाले. मात्र १२५ सीसी ग्रां प्रीमध्ये टू-स्ट्रोक इंजिने २०११पर्यंत धावत राहिली, तशाच फुगीर पाइपांसह.