परवानगीच्या दारात थांबलेली मोटार

स्वदेशी मोटारीचा ध्यास घेणाऱ्या उद्योजकांत वालचंद हिराचंद दोशी यांचे नाव अग्रभागी येते. २३ नोव्हेंबर १८८२ रोजी सोलापूरच्या जैन सावकारी घराण्यात त्यांचा जन्म झाला. कापसाचा व्यापार आणि सावकारी हा घरचा व्यवसाय होता. वालचंदांचे मन मात्र पेढीवर रमले नाही. रेल्वेतील माजी कारकून लक्ष्मणराव फाटक यांच्या भागीदारीत त्यांनी रेल्वेची कंत्राटे घेतली. बार्शी लाइट रेल्वेच्या कामापासून सुरू झालेला हा प्रवास बोरघाटातील बोगद्यांपर्यंत पोहोचला.

परवानगी हा शब्द त्यांच्या आयुष्याला जणू चिकटूनच आला. १९१९ मध्ये सिंदिया कंपनीचे 'लॉयल्टी' हे जहाज मुंबईहून लंडनकडे निघाले, तेव्हा परक्या कंपन्यांच्या मक्तेदारीशी त्यांचा सामना सुरू झाला. पुढे १९४० मध्ये बंगळुरूत विमानांचा कारखाना आणि १९४१ मध्ये विशाखापट्टणमला जहाजबांधणीचा पाया, ही दोन्ही कामे त्यांनी महायुद्धाच्या धामधुमीत उभी केली. विमानाचा कारखाना युद्धासाठी उपयुक्त ठरल्याने सरकारचा होकार मिळाला. पण १९४२ मध्ये सरकारनेच त्यांचा हिस्सा विकत घेतला.

मोटारीच्या बाबतीत मात्र नकारच वाट्याला आला. मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांनी १९३०च्या दशकात देशी मोटार उद्योगाची योजना मांडली होती. वालचंदांनी ती उचलून धरली, अमेरिकेत जाऊन बड्या कंपन्यांशी बोलणी केली आणि अखेर क्रायस्लरशी करार जमवला. त्या वेळी फोर्ड आणि जनरल मोटर्स या कंपन्या मुंबईत सुट्या भागांची जुळणी करून गाड्या विकत होत्या. या जुळणीतून मोलाचे यंत्रज्ञान इथे रुजत नव्हते, हेच वालचंदांना खटकत होते. परंतु मोटारनिर्मिती ही युद्धाची निकड नाही, अशी दिल्लीची भूमिका होती. यंत्रे आणायची तर डॉलर हवेत आणि डॉलर हवेत तर सरकारची संमती हवी, अशा कोंडीत ही योजना वर्षानुवर्षे अडकली.

१९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाईल्सची स्थापना झाली. कुर्ल्याच्या कारखान्यातून १९४७ मध्ये पहिली वाहने बाहेर पडली. डॉज, प्लायमाउथ ही वाहने दणकट होती. परंतु मध्यमवर्गाच्या आवाक्यातील नव्हती. १९५०च्या सुमारास इटलीच्या फियाटशी करार झाला आणि लहानशी 'फियाट ५००' कुर्ल्यात जुळवली जाऊ लागली. साधी, आटोपशीर गाडी भारतीय रस्त्यावर आणण्याचा तो आरंभ होता. तो पुढे नेण्याइतके आयुष्य मात्र वालचंदांना लाभले नाही. १९४९ मध्ये त्यांना पक्षाघाताचा झटका आला. व्यवसायातून निवृत्त होऊन ते अखेरच्या काळात गुजरातमधील सिद्धपूर येथे राहिले; पत्नी कस्तुरबाई त्यांची शुश्रूषा करीत होत्या. तेथेच ८ एप्रिल १९५३ रोजी त्यांचे निधन झाले.

त्याच वर्षी टॅरिफ कमिशनने देशात प्रत्यक्ष निर्मिती करणाऱ्या कंपन्यांनाच प्रोत्साहन देण्याची शिफारस केली. केवळ जुळणी करणाऱ्या परदेशी कंपन्यांनी काढता पाय घेतला. ज्या संरक्षणासाठी वालचंद झगडले, ते त्यांच्या पश्चात मिळाले. परंतु त्याला दुसरी बाजू होती. कारखाने मोजके, उत्पादन परवान्याने बांधलेले आणि किंमत सरकारच्या हाती, अशी व्यवस्था आकाराला आली. मोटारीच्या किमतींचा वाद १९७०च्या दशकाच्या आरंभी सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. ग्राहकाला गाडीसाठी वर्षानुवर्षे ताटकळावे लागे. स्वस्त मोटारीचा विषय लक्ष्मीकांत झा यांच्या समितीने १९६०च्या सुमारास मांडला. पण निर्णय लांबत गेला. इचलकरंजीच्या शंकरराव कुलकर्णी यांनी घडवलेली छोटी 'मीरा' नमुन्यापलीकडे जाऊ शकली नाही. १९८३ मध्ये 'मारुती ८००' आली, तीही सरकारी कंपनीची. पुढे 'नॅनो'चे उत्पादन २००९ मध्ये सुरू झाले आणि २०१८ मध्ये थांबले. तोवर स्वस्त असणे पुरेसे नाही, हे बाजाराने दाखवून दिले होते.

वालचंदांच्या कारखान्याची 'पद्मिनी' टॅक्सी २०२३ पर्यंत मुंबईच्या रस्त्यांवर धावत राहिली. परंतु एका मोटारीमागे शेकडो लहान उद्योग उभे राहतात, हा विचार त्याहून दीर्घायुषी ठरला. वसई पूर्वेच्या वालीवमधील गाळ्यांत धातू आणि प्लास्टिकचे भाग घडवणाऱ्या लहान उद्योजकांना आजही परवाने, वीज आणि भांडवल यांची चिंता सतावते. त्यांच्या उंबरठ्यावर उभे राहिले, की वालचंदांच्या झगड्याचे मोल कळते. राज्यकर्त्यांचा आधार हवा. पण तो उद्योगाच्या गळ्यात पडलेला फास होऊ नये, हा त्यांच्या चरित्राचा धडा जुना झालेला नाही.