डॉक्टर रखमाबाई

अकरा वर्षांच्या मुलीस लग्नाचा अर्थ तो काय कळावा? रखमाबाईंचा जन्म सन १८६४ साली मुंबईत झाला, व अकराव्या वर्षी दादाजी भिकाजी यांजशी त्यांचे लग्न लावून देण्यात आले. तरी त्या सासरी न जाता सावत्र वडील डॉ. सखाराम अर्जुन यांच्या घरी विद्याभ्यास करीत वाढल्या. पुढे त्यांनी नांदावयास जाण्याचे नाकारिले, तेव्हा १८८४ मध्ये दादाजींनी दावा लाविला. पहिला निकाल बाईंच्या बाजूने झाला. परंतु अपिलानंतर मार्च १८८७ मध्ये कोर्टाने हुकूम केला की, पतीच्या घरी जावे, नाहीतर सहा महिने कैद भोगावी. बाईंनी कैदेची तयारी दाखविली, पण माघार घेतली नाही. अखेर १८८८ मध्ये दोन हजार रुपये देऊन तडजोड झाली.

या खटल्याची चर्चा विलायतेपर्यंत गेली. पुढे १८९१ च्या कायद्याने मुलींचे संमतिवय दहावरून बारा वर्षे झाले. इकडे बाई १८८९ मध्ये विलायतेस गेल्या व डॉक्टर होऊन परतल्या. पुरुष वैद्यापुढे येण्यास संकोचून कित्येक स्त्रिया दुखणे अंगावर काढीत. अशांची सेवा त्यांनी सुरत व राजकोट येथे पुष्कळ वर्षे केली. त्या १९५५ मध्ये निवर्तल्या.

आज मुलीच्या लग्नाचे वय कायद्याने अठरा आहे. परंतु कायदा उंबरठ्याबाहेरच थांबला तर काय उपयोग? म्हणून आम्ही बंधुभगिनींस विनवितो की, लग्न ठरविण्यापूर्वी मुलीचे वय पाहा, आणि तिचे मनही विचारा.