शेंदूर, तूप आणि कॅरी एव्हरसन

इंदूरला मावशीकडे गेलो की बडा गणपतीचे दर्शन ठरलेलेच. तिथल्या २५ फुटी मूर्तीवर तुपाने धरून ठेवलेला शेंदूर पाहून यंदा मला कॅरी एव्हरसनबाई आठवल्या.

जन्म १८४२, अमेरिका. यजमान शिकागोचे डॉक्टर. त्या काळी कुटलेल्या खनिजाचे अगदी बारीक कण पाण्याबरोबर वाहून जात. बाईंनी त्यात तेल व आम्ल घालून घुसळले. धातूचे कण तेलाला चिकटले, दगडाची भुकटी पाण्यात राहिली! १८८६ मध्ये पेटंट मिळाले. पोती धुताना हे सुचले, ही निव्वळ दंतकथा. गिऱ्हाईक मात्र मिळेना. १९०३ मध्ये पेटंटची १७ वर्षे सरली; कॉमर्सवाल्या मला ती तारीख टोचते. त्याच दशकात ऑस्ट्रेलियात ब्रोकन हिलच्या खाणींवर फेसाने कण उचलण्याचा धंदा उभा राहिला. बाई १९१४ मध्ये वारल्या.