संस्कृतचे प्राध्यापक, क्रिकेटचे कर्णधार

माझ्या घरातून कॉलेजची पायरी चढणारी मी पहिलीच. आमचे घर घोडबंदरला, किल्ल्याजवळ. बाबा ट्रक चालवतात. मी कबड्डी खेळते याचे त्यांना आधी कौतुक होते. पण मी दुसऱ्या वर्षाला आले आणि त्यांनी एकच धोशा लावला : खेळ तरी कर, नाहीतर अभ्यास तरी. आंतरमहाविद्यालयीन सामन्यांच्या संमतिपत्रावर त्यांची सही अजून व्हायची आहे. अशा दिवसांत आमच्या क्रीडाशिक्षकांनी मला प्रा. देवधरांविषयी वाचायला सांगितले.

दिनकर बळवंत देवधर यांचा जन्म १४ जानेवारी १८९२ चा. पुण्याच्या स. प. महाविद्यालयात ते संस्कृत शिकवीत. वर्गात संस्कृत आणि मैदानावर क्रिकेट, असा दुहेरी संसार त्यांनी केला. १९११ साली ते प्रथम श्रेणीचे क्रिकेट खेळू लागले आणि पुढे अनेक वर्षे खेळत राहिले. १९२६ मध्ये गिलिगनचा एम. सी. सी. संघ मुंबईत आला, तेव्हा त्यांनी १४८ धावा काढल्या व आपल्या संघाने पहिल्या डावात साहेबांवर आघाडी घेतली. पण १९३२ साली भारत पहिली कसोटी खेळला, तेव्हा प्राध्यापक चाळिशीला पोचले होते. कसोटीची टोपी त्यांना कधीच मिळाली नाही. हे वाचून मला राग आला. कोणाचा, ते सांगता येणार नाही.

खरी कारकीर्द मात्र पुढेच आहे, असे मला वाटते. त्यांच्या नेतृत्वाखाली महाराष्ट्राने १९३९-४० आणि १९४०-४१ असा लागोपाठ दोनदा रणजी करंडक जिंकला. पहिल्या वर्षी त्यांच्या संघातील विजय हजारे यांनी बडोद्याविरुद्ध नाबाद ३१६ धावा केल्या. दुसऱ्या वर्षी मुंबईविरुद्ध खुद्द देवधरांनी २४६ काढल्या, तेही ४८ व्या वर्षी! महाराष्ट्र ६७५, मुंबई ६५०. अवघ्या पंचवीस धावांची आघाडी! १९४४-४५ च्या हंगामात, बावन्न वर्षांचे असताना, त्यांनी एकाच सामन्याच्या दोन्ही डावांत शतके ठोकली. आमच्याकडे या वयाच्या माणसाला देवळाच्या पारावर बसवतात.

पुढे ते राष्ट्रीय निवड समितीत होते, महाराष्ट्र क्रिकेट संघटनेचे अध्यक्ष होते. १९७३ साली त्यांच्या नावाने देवधर करंडक सुरू झाला. ९९ व्या वर्षी, १९९१ मध्ये, पद्मभूषण मिळाले. २४ ऑगस्ट १९९३ रोजी, वयाची शंभरी ओलांडून, ते गेले.

एक गोष्ट मी मुद्दाम मागे ठेवली होती. त्यांच्या तारा, सुंदर आणि सुमन या मुली बॅडमिंटन खेळत आणि त्यात त्यांनी देशपातळीवर नाव काढले. त्या काळी, मुली असून!

हे सारे मी रात्री जेवताना बाबांना सांगितले. मुलींविषयी ते काही बोलले नाहीत. हात धुता धुता मात्र त्यांनी विचारले, की त्या २४६ धावा करायला मास्तरांना किती दिवस लागले. संमतिपत्र अजून घड्याळामागे आहे.