व्यंकटेश बापूजी केतकर : न दिसणाऱ्या ग्रहाचं गणित मांडणारे शिक्षक



प्लूटोचा शोध एका मराठी मास्तरांनी आधीच लावला होता, असं कधी कधी ऐकायला मिळतं. मुलं वर्गात विचारतात, हे खरं का? पूर्ण खरं नाही, पण जे खरं आहे ते मुलांना सांगण्यासारखं नक्की आहे. त्यासाठी व्यंकटेश बापूजी केतकर यांचं चरित्र माहीत हवं.

केतकरांचा जन्म जानेवारी १८५४ चा. गाव नरगुंद, म्हणजे आजच्या कर्नाटकातलं. १८७४ पासून ते शिक्षण खात्यात नोकरीला लागले आणि पुढे बागलकोटच्या इंग्रजी शाळेचे हेडमास्तर झाले. हाताशी वेधशाळा नाही, मोठी दुर्बीण नाही. शाळा सांभाळून उरलेल्या वेळात कागद, लेखणी आणि आकडेमोड, एवढंच त्यांचं साधन.

त्या काळात पंचांगांची अवस्था बिकट होती. जुन्या ग्रंथांवरून गणित करायचं, पण ग्रह आकाशात भलतीकडेच दिसायचे. ग्रहणाची वेळही चुकायची. केतकरांची भूमिका सरळ होती. पोथी आणि आकाश यांचा मेळ बसत नसेल, तर पोथीतलं गणित सुधारायचं. त्यांनी युरोपातल्या आधुनिक खगोलगणिताचा अभ्यास केला आणि ते संस्कृत ग्रंथांतून आपल्या पंचांगकर्त्यांच्या हाती दिलं. ‘ज्योतिर्गणितम्’ हा त्यांचा मोठा ग्रंथ. शास्त्रीबुवांना नवं गणित त्यांच्याच भाषेत शिकवणं, ही खास शिक्षकाची हातोटी.

आपल्या नाशिककरांना जवळचा वाटेल असा एक वाद इथे सांगायला हवा. गुरू सिंह राशीत आला की नाशिक-त्र्यंबकेश्वरला सिंहस्थ भरतो, हे लहान मुलालाही ठाऊक असतं. पण सिंह रास आकाशात नेमकी सुरू कुठे होते? ते राशिचक्राचा आरंभबिंदू कुठे मानायचा, यावर ठरतं. लोकमान्य टिळक रेवती नक्षत्रातल्या ताऱ्यापासून मोजणाऱ्या पक्षाचे. केतकरांचं म्हणणं, आरंभबिंदू चित्रा ताऱ्याच्या बरोबर समोर, १८० अंशांवर धरावा. दोन्हींत फरक सुमारे ४ अंशांचा. गुरूला तेवढं अंतर कापायला सरासरी दीड महिना लागतो, म्हणजे फरक काही किरकोळ नव्हे. टिळकांसारखा लोकनेता दुसऱ्या बाजूला असूनही केतकर आपल्या मतावर ठाम राहिले. पुढे १९५७ साली भारत सरकारने राष्ट्रीय पंचांग सुरू केलं, तेव्हा चित्रा पक्षच स्वीकारला गेला. ते पाहायला केतकर नव्हते.

आता प्लूटोकडे वळू. १८४६ मध्ये नेपच्यून सापडला तो आधी कागदावर. युरेनस ठरलेल्या वाटेवरून किंचित हलत होता. कोणीतरी त्याला ओढतंय, हे ओळखून फ्रान्सच्या ल व्हेरिए यांनी न दिसलेल्या ग्रहाची जागा काढली आणि बर्लिनच्या दुर्बिणीत तो जवळपास तिथेच दिसला. गुरुत्वाकर्षण हे न दिसणाऱ्याचा माग काढण्याचं साधन झालं. मग प्रश्न आला, नेपच्यूनच्याही पलीकडे कोणी आहे का?

केतकरांनी वेगळी वाट धरली. गुरूच्या आयो, युरोपा आणि गॅनिमीड या चंद्रांच्या प्रदक्षिणाकाळांत १ : २ : ४ असं प्रमाण आहे. लाप्लास या फ्रेंच गणितज्ञाने या मेळाचा अभ्यास केला होता. असाच मेळ दूरच्या ग्रहांत असला तर? या विचाराने केतकरांनी दोन ग्रहांचं भाकीत केलं. त्यांना नावं दिली ब्रह्मा आणि विष्णू. १९११ मध्ये हा लेख फ्रान्सच्या खगोल संस्थेच्या नियतकालिकात छापून आला. ब्रह्माचं सूर्यापासूनचं अंतर त्यांनी दिलं पृथ्वीच्या अंतराच्या ३८.९५ पट आणि प्रदक्षिणाकाळ २४२.२८ वर्षं.

फेब्रुवारी १९३० मध्ये अमेरिकेत क्लाइड टॉमबॉ यांना प्लूटो सापडला. अंतर सुमारे ३९.५ पट, काळ सुमारे २४८ वर्षं! त्याच वर्षी ऑगस्टमध्ये केतकरांचं निधन झालं.

मग शोध केतकरांचा का नाही? कारण ग्रह आकाशात कुठे शोधायचा, ती दिशा त्यांच्या भाकितात नव्हती. विष्णू तर आजवर सापडलेला नाही. आकडे जवळ आले, म्हणून पद्धत सिद्ध झाली असं होत नाही. मुलांचं उत्तर बरोबर आलं तरी आपण रीत तपासतोच ना? तोच न्याय इथेही लावायचा. यात केतकरांचा मान कमी होत नाही. उलट, आकाशाची साक्ष शेवटची मानायची, हा त्यांचाच नियम आपण पाळतो.

गुरुत्वाकर्षणाने माग काढण्याची ती वाट आज फार पुढे गेली आहे. दूरच्या ताऱ्यासमोरून दुसरा तारा सरकला, की पुढच्याच्या गुरुत्वाकर्षणाने मागच्याचा प्रकाश वाकतो आणि तो काही काळ जास्त तेजस्वी दिसतो. पुढच्या ताऱ्याभोवती ग्रह असेल तर त्या उजेडात आणखी एक छोटी उसळी दिसते. याला सूक्ष्मभिंग पद्धत म्हणतात. कुठल्याच ताऱ्याशी न बांधलेले, अवकाशात एकटे भटकणारे ग्रहही याच रीतीने हाती लागू लागले आहेत.

वर्गासाठी एक कृती : दहावीच्या गुरुत्वाकर्षणाच्या पाठात केप्लरचा तिसरा नियम आहे. मुलांना ३८.९५ चा घन काढून त्याचं वर्गमूळ घ्यायला सांगा. उत्तर २४३ च्या आसपास येईल. मग ते केतकरांच्या आकड्याशी ताडून बघू द्या. त्यानंतर ३९.५ घेऊन प्लूटोचा काळ काढायला सांगा. एका हेडमास्तरांनी शंभरहून अधिक वर्षांपूर्वी हाताने केलेल्या गणिताची गोडी मुलांना तिथेच लागेल.