'आरएल' सलाईन तर माहितीये, पण त्यातला 'आर' म्हणजे कोण?

जुलाब-उलट्यांनी गळून गेलेला पेशंट दवाखान्यात आला की बऱ्याचदा त्याला 'आरएल' लावतात. आरएल म्हणजे रिंगर लॅक्टेट. यातले रिंगर हे एक इंग्लिश डॉक्टर. हृदयाला धडधडायला कॅल्शियम लागतं, हे जगाला त्यांच्यामुळे कळलं. तेही पाण्याच्या घोळामुळे!

सिडनी रिंगर मूळचे नॉर्विचचे. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात शिकले आणि तिथल्याच हॉस्पिटलमध्ये आयुष्यभर पेशंट तपासत राहिले. वॉर्डमधून वेळ मिळाला की गडी प्रयोगशाळेत. बेडकाचं हृदय शरीराबाहेर कोणत्या द्रावणात चालू राहतं, हे ते शोधत होते.

1882 मध्ये त्यांनी निष्कर्ष छापला. मीठ आणि थोडं पोटॅशियम एवढ्यावर हृदय चालतं.

पण पुढे तेच द्रावण डिस्टिल्ड वॉटरमध्ये बनवलं, तर हृदय थोड्याच वेळात थंड पडायला लागलं. मग उलगडा झाला. आधीच्या प्रयोगात चक्क नळाचं पाणी वापरलं गेलं होतं आणि लंडनच्या त्या पाण्यात कॅल्शियम होतं.

रिंगर यांनी हे झाकून ठेवलं नाही. 1883 मध्ये त्याच जर्नलमध्ये स्वतःचा निष्कर्ष दुरुस्त केला.

आज त्यामागचं कारण माहीत आहे. प्रत्येक ठोक्याला हृदयाच्या पेशींवरची कॅल्शियमची दारं, म्हणजे चॅनल्स उघडतात. थोडं कॅल्शियम आत येतं, ते पेशीतला साठा मोकळा करतं आणि स्नायू आकुंचन पावतो.

आपण घाबरलो की अ‍ॅड्रेनलिन हे हार्मोन याच दारांवर परिणाम करतं. ते पेशीवरच्या बीटा रिसेप्टरला चिकटतं, आत सायक्लिक एएमपी वाढतं आणि प्रोटीन कायनेज ए कामाला लागतं. एरवी 'रॅड' नावाचं प्रोटीन या दारांना ब्रेक लावून असतं. तो ब्रेक सुटतो, जास्त कॅल्शियम आत येतं आणि ठोका जोरात पडतो. रॅडची ही भूमिका 2020 मधल्या संशोधनात स्पष्ट झाली. बीटा ब्लॉकर गोळ्या ही साखळी पहिल्याच पायरीवर अडवतात.

रिंगर 1910 मध्ये गेले. 1930 च्या दशकात अमेरिकेतले बालरोगतज्ज्ञ अ‍ॅलेक्सिस हार्टमन यांनी त्यांच्या द्रावणात लॅक्टेट मिसळलं. तेच आजचं आरएल. त्यात कॅल्शियम आजही असतं.